गालावर वांग, मानेवर काळेपणा, मुलाला पांढुरके चट्टे: कारण एकच की वेगवेगळं?

मृदगंध
मंडळी, एका प्रश्नावर मदत हवी आहे.

आमच्या घरात सध्या तिघांच्या त्वचेच्या तीन तऱ्हा आहेत. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी चट्टे उठले. धाकटी आता शाळेत जाते, चट्टे तिथेच आहेत. नवऱ्याची मान मागच्या बाजूने काळी आणि जाडसर झाली आहे, काखेतही तसंच. आणि मोठ्या मुलाच्या गालांवर फिकट, कोरडे ठिपके दिसतात.

तिघांना मिळणारा सल्ला मात्र एकच: कुठलं तरी उजळ करणारं क्रीम लावा. मला ते पटत नाही. एकाला रंग जास्त, एकाला कमी, एकाची कातडीच जाड. मग एकच क्रीम कसं चालेल? मला क्रीमची नावं नको आहेत. रंग असा ठिकठिकाणी का बदलतो, आणि त्यातलं आपल्याला किती ओळखता येतं, ते समजून घ्यायचं आहे.

---

निरभ्र
चांगला धागा. माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचाही यात समावेश करा. पुरेशी झोप घेऊनही जात नाहीत.

---

शांतनीळ
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वर्णनावरून निदान करणार नाही, पण कुठे बघायचं ते सांगू शकते.

बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. टायरोसिन या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात. त्यासाठी टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) लागतं, आणि डागांवरची बरीच औषधं या विकरालाच अडवतात. तयार झालेला रंग मेलॅनोसोम नावाच्या कणांतून शेजारच्या पेशींना दिला जातो. एक मेलॅनोसाइट साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. तिथे हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे जमतात आणि डीएनएचं अतिनील किरणांपासून रक्षण करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते. फरक कणांच्या आकारात, मांडणीत आणि ते किती काळ टिकतात यात असतो.

हे सांगायचं कारण असं की रंग हे त्वचेचं संरक्षण आहे. ऊन, दाह, घर्षण, संप्रेरकं यांपैकी कशानेही त्या पेशी चेतल्या की त्या रंग वाढवतात. म्हणून डाग बघताना मी आधी तीन गोष्टी विचारते: नेमका कुठे आहे, कधी सुरू झाला, आणि त्याआधी त्या जागी काय होतं.

मृदगंधताई, गरोदरपणात सुरू झालेले, दोन्ही बाजूंना सारखे असणारे गालांवरचे चट्टे म्हणजे बहुतेक वेळा वांग, ज्याला आम्ही मेलाझ्मा म्हणतो. संप्रेरकं, ऊन आणि अनुवंश या तिघांचा त्यात हात असतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो येतो किंवा वाढतो. मानेवरची जाड, मखमली, काळी कातडी ही वेगळीच गोष्ट आहे. तिचं नाव अकॅन्थोसिस निग्रिकन्स. तिथे मुख्य बिघाड रंगाचा नसतो, इन्सुलिन नीट काम करत नसल्याने रक्तात त्याचं प्रमाण वाढतं आणि त्याने त्वचेच्या पेशी वाढायला लागतात. यजमानांची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासून घ्या. मुलाचे ठिपके पिटिरियासिस अल्बा असू शकतात, तो सौम्य इसबाचा प्रकार आहे. पण फिकट डाग न बघता मी त्यावर ठाम बोलणार नाही.

---

पानगळ
शांतनीळ, "त्याआधी त्या जागी काय होतं" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या चेहऱ्यावरचे सगळे डाग मुरुमांच्या जागी आहेत. मुरूम गेले, खुणा राहिल्या. कॉलेजात सगळे "पिगमेंटेशनवर काहीतरी लाव" म्हणायचे, पण एका डॉक्टरांनी सांगितलं की नवे मुरूम येणं थांबल्याशिवाय डागांवर उपचार करण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक नवा मुरूम नवा डाग देऊन जाणार. मुरुमांवर उपचार झाले आणि डाग पुढच्या वर्षभरात आपोआप बरेच फिके झाले. काही निळसर करडे मात्र अजून आहेत.

---

शांतनीळ
@पानगळ, अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. दाहानंतर उरणारा रंग वर, बाह्यत्वचेत असेल तर तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत ओसरतो. दाह खोल गेला तर रंगाचे कण खालच्या थरात, अंतस्त्वचेत पडतात. तिथून ते करडे किंवा निळसर दिसतात आणि जायला वर्षंही लागतात. वरून लावलेलं क्रीम तिथवर फारसं पोचत नाही. मुरूम फोडणं, खाजवणं, जोरात घासणं यांनी दाह खोल जातो.

---

चंद्रकोर_२
मला या धाग्याच्या सुरालाच थोडा आक्षेप घ्यायचा आहे. डाग, चट्टे, असमान रंग हे शब्द वाचले की मला माझं लहानपण आठवतं. मी सावळी आहे आणि माझा रंग "कसा उजळेल" याची चर्चा घरात मी समोर बसलेली असताना व्हायची. कोपरं, गुडघे, बोटांचे सांधे थोडे गडद असणं, ओठांभोवती रंग वेगळा असणं हे सावळ्या माणसांत सर्रास आढळतं. त्याला आजार म्हणायचं कशाला? त्वचा म्हणजे एकाच छटेत रंगवलेली भिंत असावी ही अपेक्षा जाहिरातींनी रुजवली आहे. या अपेक्षेपायी मुली नको त्या गोष्टी तोंडाला फासतात, ते बघून मला खरोखर वाईट वाटतं.

---

मृदगंध
चंद्रकोर, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. मूळ रंग बदलायचा नाहीच आहे. अचानक काही बदललं तर ते कशामुळे, एवढंच शोधायचं आहे. नवऱ्याच्या मानेबद्दल कोणी "घासून काढ" म्हणतं तेव्हा खरं कारण बाजूलाच राहतं, ही माझी काळजी.

---

रानपाखरू
+१ दोघींनाही.

माझा घासण्याचा अनुभव. माझ्या आईच्या पाठीवर वरच्या बाजूला आणि दंडांवर करडे काळपट पट्टे होते, नीट पाहिलं तर पाण्यावर लाटा उठाव्यात अशी नक्षी. ती अंघोळीला खरखरीत घासणी वापरायची. काळपटपणा वाढला की आणखी जोरात घासायची. डॉक्टरांनी मॅक्युलर अमायलॉइडोसिस (त्वचेत अमायलॉइड हे प्रथिन साठणं) सांगितलं, आणि पहिली सूचना औषधाची नव्हती, घासणी टाकून द्यायची होती. खाज सुटायची त्यावर औषध दिलं. रंग पूर्ण गेला नाही, पण वाढायचा थांबला.

---

वाटसरू७७
मी दिवसभर घरातच असते, ऑफिसचं कामही घरून. तरी वांग वाढतोय. मग ऊन हे कारण कसं? माझी मैत्रीण म्हणते मोबाइल आणि लॅपटॉपच्या उजेडाने होतं.

---

अभंगरेषा
@वाटसरू७७, खिडकीजवळ बसता का? उन्हातल्या अतिनील किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. साधी काच यूव्हीबी बहुतांश अडवते, पण यूव्हीएचा बराच भाग आत येऊ देते. शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गडद त्वचेवर दृश्य प्रकाश टाकला, तेव्हा यूव्हीएपेक्षा जास्त गडद आणि जास्त काळ टिकणारा रंग आला. गोऱ्या त्वचेवर तसं झालं नाही. म्हणजे आपल्यासारख्यांनी हे जास्त लक्षात घ्यायला हवं.

नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लागतं. मोबाइलचा उजेड सूर्यप्रकाशापुढे इतका क्षीण असतो की त्याला दोष देण्यापेक्षा खिडकीचा पडदा ओढणं जास्त उपयोगी.

---

वाटसरू७७
टेबल खिडकीलाच लागून आहे! उजव्या गालावर जास्त आहे आणि खिडकीही उजवीकडेच. आज टेबल हलवते.

---

शांतनीळ
अभंगरेषा, छान लिहिलंत. त्यात प्रमाणाची भर घालते. सनस्क्रीनवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत, त्यामुळे ५० लिहिलेलं असूनही तेवढं संरक्षण मिळत नाही. पुरेसं लावलं तर ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के. मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावणं महत्त्वाचं.

---

सोनसळी
एवढं सगळं कशाला? लिंबाचा रस लावा, आठवड्यात फरक. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

---

अभंगरेषा
सोनसळी, कृपा करून हा सल्ला देऊ नका. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखी प्रतिक्रिया उठते, कधी फोड येतात, आणि नंतर तिथेच गडद डाग पडतो. तो महिनोनमहिने राहतो. डाग घालवायला लावलेल्या गोष्टीनेच डाग. नैसर्गिक असणं आणि निरुपद्रवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

सोनसळी
हे माहीत नव्हतं. इथे लिहिलं ते बरं झालं. घरी सगळ्यांना सांगते.

---

मेघदूत_नवा
बहिणीबद्दल लिहितो, तिच्या परवानगीने.

तिला वांग होता. ओळखीतल्या कोणीतरी एक क्रीम सुचवलं, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालं. सुरुवातीला चेहरा विलक्षण स्वच्छ झाला, त्यामुळे सगळे खूश. तिने ते कित्येक महिने चालू ठेवलं. मग थांबवलं की आग, लाली, पुरळ. पुन्हा लावलं की शांत. शेवटी गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, कातडी पातळ झाली, हनुवटीवर केस वाढले. त्या क्रीममध्ये स्टिरॉइड होतं. ते सोडवायला डॉक्टरांना फार वेळ लागला, आणि तो काळ तिने घराबाहेर न पडता काढला. वांग तर परत आलाच. हे वाचून एका जरी व्यक्तीने नळीच्या मागचं बारीक छापलेलं वाचलं तरी लिहिल्याचं सार्थक.

---

शांतनीळ
मेघदूत, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. असे चेहरे आमच्याकडे सतत येतात.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगते. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन (रंग कमी करणारं औषध), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असं मिश्रण मांडलं. त्या धर्तीवरचं तिहेरी क्रीम आजही वांगावर वापरतात आणि ते काम करतं, पण ठरावीक मुदतीत, देखरेखीखाली. लोक ते रोजचं फेअरनेस क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात तेव्हा बहिणीसारखी अवस्था होते. नुसतं हायड्रोक्विनोनही फार काळ लावलं तर ऑक्रोनोसिस होऊ शकतो. त्यात त्वचेवर निळसर काळे डाग पडतात, आणि ते घालवणं मूळ वांगापेक्षा अवघड असतं.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा टायरोसिनेजला निकामी करतो म्हणून उजळपणा लवकर दिसतो, पण तो शरीरात शिरून मूत्रपिंडाला इजा करतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पारा घातलेल्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदी आहे, तरी अशी क्रीमं विकली जातात. घटकांत कॅलोमेल (पाऱ्याचं संयुग) किंवा मर्क्युरी दिसलं तर हात लावू नका. घटकांची यादीच छापलेली नसेल तर तेही घेऊ नका.

---

गोळीबंद
मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आहे. एक कारण अजून कोणी काढलं नाही: आपण घेत असलेली औषधं. मुरुमांसाठी दिलं जाणारं मिनोसायक्लिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, सांधेदुखीत आणि ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कुष्ठरोगावरचं क्लोफाझिमिन, काही केमोथेरपी. यांनी त्वचेचा रंग निळसर, करडा किंवा तांबूस काळा होऊ शकतो. मात्र कोणीही हे वाचून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, बस.

आणि केसांचा रंग! त्यातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी असेल तर कपाळाच्या कडेला, कानांपुढे, मानेवर काळपटपणा येतो. खाज फारशी नसल्याने संशयच येत नाही.

---

निरभ्र
माझी वर्तुळं राहिलीच 🙂

---

शांतनीळ
निरभ्र, विसरले नाही. आरशासमोर उजेडात उभ्या राहा आणि खालची पापणी हलकी ताणा. रंग तसाच दिसला तर तिथे खरोखर मेलॅनिन जास्त आहे, आणि घरात आणखी कोणाला असेल तर अनुवंश. ताणल्यावर जांभळट झाला तर पातळ कातडीतून रक्तवाहिन्या दिसत आहेत. आणि उजेडाची दिशा बदलल्यावर काळपटपणा कमी झाला तर ती डोळ्याखालच्या खळगीची सावली आहे. अनेकांत हे मिसळलेलं असतं. डोळे चोळायची सवय असेल, विशेषतः ॲलर्जीने, तर ती आधी मोडा.

---

पिंपळपान
आमच्या वडिलांच्या बोटांचे सांधे आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. सगळ्यांना वयाचं वाटलं. पायांना मुंग्या यायच्या म्हणून तपासणी केली तर बी१२ अगदी कमी. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही महिन्यांत बोटांचा रंग पूर्ववत. म्हणून वाटतं, रंगाबरोबर शरीरात आणखी काय चाललंय ते विचारायला हवं.

---

शांतनीळ
पिंपळपान, तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी पुन्हा वाचावा असा आहे. याच जागा, म्हणजे तळहाताच्या रेषा, सांधे, शिवाय हिरड्या आणि जुने व्रण, ॲडिसनच्या आजारातही काळवंडतात. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली हे वर्णन केलं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसं बनवत नाहीत, म्हणून मेंदूतली पियुषिका ग्रंथी त्यांना चेतवणारं एसीटीएच हे संप्रेरक वाढवत राहते. एसीटीएच आणि मेलॅनोसाइटना चेतवणारं संप्रेरक एकाच मूळ प्रथिनापासून बनतात, त्यामुळे त्वचा गडद होते. थकवा, वजन घटणं, उभं राहिल्यावर चक्कर, मिठाची ओढ असं सोबत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांवर थांबू नका, फिजिशियनकडे जा. दुर्मीळ आहे, पण चुकला तर जिवावर बेततो.

---

ओली_माती
फिकट डागांबद्दल थोडं. मला कोड आहे. शाळेत बाकावर शेजारी बसायला मुली तयार नसायच्या. कोड संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेलॅनोसाइटवर हल्ला करते, म्हणून तिथे रंग उरत नाही. मला फोटोथेरपीने (प्रकाशाच्या उपचाराने) चेहऱ्यावर चांगला रंग परतला, हातांवर नाही. आता मी दोन्हींसह मजेत आहे.

मृदगंध, मुलाचे ठिपके दाखवून घ्या, पण त्याच्यासमोर घाबरून बोलू नका. मुलं डागापेक्षा आपले चेहरे बघून घाबरतात.

---

शांतनीळ
ओली_माती, तुमच्या शेवटच्या ओळीसाठी विशेष आभार.

पालकांसाठी एवढंच: पिटिरियासिस अल्बाचे ठिपके धूसर कडांचे, किंचित खवले असलेले असतात. कोड दुधासारखं पांढरं आणि ठळक कडांचं. शिबं बुरशीने येतात, बहुधा छाती, पाठ, मान इथे, आणि नखाने खरवडलं तर बारीक भुसा निघतो. आणि फिकट डागावर स्पर्श किंवा गरम थंड कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा. औषधांनी तो पूर्ण बरा होतो, उशीर केला तरच नसांना कायमची इजा होते.

---

मृदगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघंही जाऊन आलो.

मुलाचे ठिपके साधेच निघाले. अंघोळीनंतर मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणं, बाकी काही नाही. नवऱ्याचं एचबीए१सी ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता, मान दिसली नसती तर कळलंही नसतं. वजन कमी झालं की मानही हळूहळू सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. तो रोज चालायला लागला आहे आणि आता कोणी "मान घास" म्हटलं की तोच समजावून सांगतो.

माझा वांग वुड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याखाली पाहिला. थोडा वर, थोडा खोल, असा मिश्र आहे. छटा असलेलं सनस्क्रीन आणि डाग फिके करणारं अझेलेक आम्ल दिलं. ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्यांबद्दल मी विचारलं, पण त्यांनी रक्ताच्या गुठळ्या टिकून राहायला मदत होते आणि माझ्या आईला पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी त्या टाळल्या.

---

पानगळ
मुलगा सगळ्यात आधी पास! किती दिवसांत फरक दिसेल असं सांगितलं, मृदगंध?

---

मृदगंध
दोन ते तीन महिने तरी धीर धरा म्हणाले. वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वयाबरोबर जास्तच. आणि गेला तरी ऊन लागलं की वांग परत येतो, म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही.

---

दिशाहीन_होडी
धागा उशिरा वाचला. एक प्रश्न, विषयाच्या थोडा कडेचा. माझ्या अंगठ्याच्या नखात एक काळी उभी रेघ आहे. बाकी नखांत नाही. मार लागल्याचं आठवत नाही. गेल्या काही महिन्यांत रुंद झाल्यासारखी वाटते. हाही रंगाचाच प्रकार म्हणून सोडून द्यायचा का?

---

शांतनीळ
नाही, सोडून देऊ नका. गडद त्वचेच्या माणसांत अनेक नखांवर अशा बारीक रेघा असणं नेहमीचं आहे. पण एकाच नखात नवी आलेली, रुंद होत जाणारी रेघ, किंवा नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरलेला काळेपणा, हे मेलॅनोमाचं लक्षण असू शकतं. गडद त्वचेत हा कर्करोग तळवे, तळहात आणि नखांखाली जास्त आढळतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली तोच होता, १९८१ मध्ये त्यांचं त्यातच निधन झालं. तुमचा तसा असेलच असं नाही, बहुतेक रेघा साध्या निघतात. तरी याच आठवड्यात डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं उपकरण) असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाण्याआधी चांगल्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आणि नखावर नेलपॉलिश लावू नका.

---

दिशाहीन_होडी
अपॉइंटमेंट घेतली, गुरुवारची. फोटो काढून ठेवला आहे.